अर्धी खबर

माय, समुद्रात ऑक्टोपस नावाचा एक प्राणी आहे, आठ हातांचा. त्याला तीन काळजं असतात. हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. बाजूला एक आजीबाई नातीचा अभ्यास घेत होती. नात मोठ्यानं वाचत होती आणि आजी दाराकडे पाहत होती. मी मात्र सगळं ऐकलं. दोन काळजं श्वासाच्या कामाला आणि एक बाकीच्या अंगाला. माझं नाव पुकारलं तरी मी उठेना, तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आली, म्हणाली, काका, जास्त दुखतं का. मी म्हटलं, नाही, ऑक्टोपसचं ऐकत होतो. ती हसली आणि तोंड उघडा म्हणाली. उघड्या तोंडानं माणूस कुणाला काय सांगणार? घरी आलो, कुलूप काढलं, आणि दारातच तोंडून निघालं, "माय, आजची खबर ऐकतं का?" तुला जाऊन चोवीस वर्षं झाली. तरी उत्तरही मला ऐकू आलं, तुझ्याच आवाजात, कात्री न थांबवता: "तीन घेऊन करते काय बाप्पा, इथं एक सांभाळता सांभाळता जीव जाते."

तू बिड्या वळायचीस. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि जर्दा, हातात कात्री. हात कामात, डोळे कामात, फक्त कान रिकामे. वाचता तुला येत नव्हतं. घराबाहेर पडणं म्हणजे पानं आणायला आणि वळलेल्या बिड्या पोचवायला, तेवढंच. म्हणून तू घरात आपला एक कायदा केला होता. जो बाहेरून येईल त्यानं तुला माहीत नसलेली एक खबर आणायची. खबर सांगितल्याशिवाय ताट नाही. आणि सांगितली की तुझा सवाल तयार, "पाहिलं का ऐकलं?" पाहिलं म्हटलं तर तू मान हलवायचीस. ऐकलं म्हटलं की पुढचा सवाल, "कोणापासून? पुरं ऐकलं का अर्धं?" अर्धं असलं तर परत पाठवायचीस. रेल्वेच्या दोन रुळांमध्ये फट ठेवतात एवढंच मी एकदा ऐकून आलो, का ठेवतात ते ऐकलं नव्हतं. तू म्हणालीस, "अर्धी खबर अन् अर्धी भाजलेली भाकर, दोन्ही पोटात जाऊन दुखते. जाय गा, पुरी घेऊन ये." मी उन्हात परत गेलो. रुळावर काम करणाऱ्या गड्यानं सांगितलं की उन्हानं लोखंड वाढतं, त्याला जागा लागते. हे ऐकून तू कात्री थांबवलीस. "लोखंड बी वाढते?" असं दोनदा म्हणालीस, आणि त्या दिवशी दादाच्या आधी मला वाढलंस.

माझे कान असे तयार झाले. याच कानांवर पुढे मी पोट भरलं, हे तू पाहिलंच आहेस. लकडगंजात फुटपाथवर स्क्रू पिळायचा एक पेचकस घेऊन कूलरचे पंप दुरुस्त करायला बसलो, तेव्हा माझ्याजवळ ना मीटर होता ना दुकान. गिऱ्हाईक म्हणायचं, मोटर बिघडली. मी म्हणायचो, चालू करा, बोलू नका. ऐकायचो आणि सांगायचो, मोटर ठीक आहे, बेअरिंग गेलं. आज शेड आहे, बारा माणसं आहेत, उन्हाळ्यात मला जेवायला वेळ मिळत नाही. पण आता थंडी आहे. थंडीत कूलरवाल्याकडे कोण येतं? पत्रे रचून ठेवलेले असतात, वाळ्याच्या ताट्या कोपऱ्यात वाळत असतात, माणसं ऊन पाहून बसलेली असतात. तुझी सून जाऊन तीन वर्षं झाली. तुझा नातू, माझा पोरगा, बंगलोरला. मी शेडमधून घरी येतो, घरातून शेडमध्ये जातो, आणि दिवसभरात जे ऐकतो ते रोज तसंच घेऊन घरी येतो. त्याचं काय करायचं ते कळत नाही. परवा ऑक्टोपसची खबर घेऊन नातवाला फोन केला.

"बेटा, ऑक्टोपसले तीन काळजं असतात, तुले माहीत होतं का?"

"हो बाबा. त्याचं रक्त निळं असतं."

"निळं?"

"हो. बाबा, मीटिंग सुरू होते आहे, संध्याकाळी करतो."

पोट्टा हुशार आहे. एक खबर घेऊन गेलो तर दुसरी हातात देऊन त्यानं मला वाटेला लावलं. त्याचा राग नाही. त्यांच्या पिढीला सगळं आधीच माहीत असतं, आणि माहीत असलं की मग बसून ऐकायचं काय. शेडमध्ये मिस्त्रीला सांगायला गेलो तर तो म्हणाला, "सेठ, मोबाईलवर आहे हे सगळं." असेल. पूर्वी सदर भागातल्या टपरीवर दहा मिनिटं उभं राहिलं की दोन लग्नं, एक बदली आणि एक भानगड कळायची. आता सगळ्यांच्या कानात बोंडं घातलेली. माणसं ओठ हलवतात, ते कुणाशी हे कळत नाही.

या वर्षात मी बऱ्याच खबरा गोळा केल्या, पण दोनच अशा की त्या तुझ्याच आहेत. पहिली आधी सांगतो, ती हलकी आहे. पावसाळा संपता संपता बँकेतले एक निवृत्त साहेब आले, मोसम नसताना कूलर घेतला तर स्वस्त पडेल म्हणून. जागा पाहायला गेलो, तर खोलीभर कपाटं आणि कपाटांत छापील चित्रकथा, कॉमिक्स म्हणतात ती. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. एकेक प्लास्टिकच्या पाकिटात. मी म्हटलं, साहेब, इथं कूलर लावू नका. कूलर म्हणजे पाणी. दोन महिन्यांत या कागदाला वास सुटेल.

"तुम्ही कूलर विकता ना?" साहेब म्हणाले.

"विकतो. म्हणूनच सांगतो."

मग त्यांनी खुर्ची ओढली, चहा सांगितला, आणि माणूस बोलता झाला. त्यांनाही कुणी ऐकणारं नव्हतं, हे मला पहिल्या घोटालाच कळलं. बोलता बोलता त्यांनी एक पाकीट उघडलं, आणि माय, माझा कप हातातच राहिला. जंगलात राहणारा तो बुरखेवाला. जांभळ्या कपड्यांचा.

दादा तासाच्या भाड्यानं ही पुस्तकं आणायचा, आठवतं? तो वाचायचा, आवाज काढून, बंदुकीचा आवाज वेगळा, घोड्याचा वेगळा. मी खबरा आणायचो रस्त्यावरच्या आणि तो आणायचा छापील गोष्टी. तू त्याच्या गोष्टी ऐकताना गालात हसायचीस, ते मला आवडायचं नाही, हे आज लिहायला हरकत नाही. तर एकदा तू त्याला मध्येच थांबवलंस. मला आत्ताही दिसतंय, तू पान दाताखाली धरून बोलते आहेस.

"थांब गा. हा जंगलात रायते नं?"

"हाव."

"दुश्मनापासून लपते?"

"हाव, माय."

"मंग जांभळे कपडे घालून लपन कुठं? वांग्याच्या वाडीत?"

मी लोळून हसलो. दादा चिडला, म्हणाला, माय, ते चित्र आहे. तू म्हणालीस, "चित्र असन. पण रंग कोणं तरी ठरवलाच असन नं. काहून ठरवला?" आणि मला फर्मावलंस, जाय, काढून आण. मी पुस्तकवाल्याला विचारलं, शाळेत विचारलं, पेंटरला विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. तू मागितलेली ती एकच खबर मला आणता आली नव्हती.

साहेबांना मी तोच सवाल केला. ते म्हणाले, बरोबर माणसाला विचारलंत. ज्यानं तो नायक रचला त्याच्या मनात कपडे राखाडी होते. जंगलातल्या सावलीसारखे. वर्तमानपत्रात तेव्हा काळं-पांढरंच छापायचं, म्हणून रंगाचा प्रश्न कधी आला नाही. पुढे रविवारी रंगीत पान सुरू झालं आणि रंग भरणाऱ्यांनी जांभळा लावून टाकला. दुसऱ्या देशांत गेला तिथं छापणाऱ्यांनी आपापला रंग दिला, कुठं लाल, कुठं निळा.

"मंग त्यानं दुरुस्त काहून नाही केला?"

"छापून गेला होता ना. लोकांनी तसाच पाहिला. मग तोच खरा झाला."

तर माय, तू बरोबर होतीस. त्याचे कपडे राखाडीच होते. त्या दिवशी मी तिथून निघालो तो सरळ घरी न जाता सक्करदऱ्याच्या तलावाकडे गाडी वळवली. तू नाहीस, दादाही नाही, तरी निदान दादाच्या घरी सांगावं असं वाटलं असेल. तलावापासून दादाच्या घराची गल्ली दिसते. गल्लीत मात्र गेलो नाही. का गेलो नाही, ते दुसऱ्या खबरीत आहे.

दिवाळीच्या आधी छातीत कळ आली. घाबरण्यासारखं नव्हतं, पण नातू म्हणाला, बाबा, मृत्युपत्र करून टाका. सदरला जिना चढून एका वकीलबाईकडे गेलो. माझ्या मुलीच्या वयाची असेल, मला मुलगी असती तर. बोलायला गोड, आणि हिशेबी नाही. तिनं पहिल्या दहा मिनिटांत मला चार खबरा दिल्या. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, कोऱ्या कागदावर चालतं, फक्त दोन साक्षीदार हवेत. बाप मेला तेव्हा जे लेकरू आईच्या पोटात आहे, ते पुढे जिवंत जन्मलं तर त्याचाही हिस्सा असतो. मग तिनं विचारलं, धर्म? मी म्हटलं, बौद्ध. ती म्हणाली, म्हणजे हिंदू वारसा कायदा लागेल.

"हिंदू?"

"कायद्यात तसं लिहिलं आहे काका. बौद्ध, जैन, शीख, सगळे त्याच्यातच."

"कधीचा कायदा?"

तिनं साल सांगितलं. माय, ज्या साली तू आजीचा हात धरून पांढऱ्या कपड्यांत दीक्षाभूमीच्या मैदानावर गेली होतीस, तेच साल. बारा वर्षांची होतीस, गर्दीत तुझी एक चप्पल गेली आणि तू दुसरीही तिथंच सोडून आलीस, हे तू सांगायचीस आणि वर म्हणायचीस, "पाहिलं, ऐकेल नाही." त्याच साली दिल्लीत तो कायदा झाला, तुमच्या आधी काही महिने. तुम्ही इकडे घर बदललं आणि कायद्याच्या कागदात तुमचा पत्ता जुनाच राहिला. मी बाईला हे सांगितलं. ती लिहिता लिहिता थांबली, म्हणाली, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं काका. कुणाला तरी एक खबर मी दिली याचं मला जरा बरं वाटलं.

मग तिनं चौथी दिली. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर वारसांच्या रांगा असतात. बायको आणि मुलं पहिल्या रांगेत. आई पहिल्या रांगेत. बाप दुसऱ्या.

"बाप दुसऱ्या?" मी विचारलं.

"हो काका. पहिल्या रांगेतलं कोणीच नसेल तरच बापाचा नंबर. आईला मात्र सुनेच्या आणि नातवंडांच्या बरोबरीनं हिस्सा. मुलाचं घर असेल तर त्या घरात."

"पक्कं?"

"पक्कं. सगळ्यांना हे उलटंच वाटतं."

मी चष्मा काढून पुसला. तिनं पाणी मागवलं. मला वाटतं तिला वाटलं, पुन्हा कळ आली.

आता ते लिहितो, ज्यासाठी मी हा कागद घेतला. दादा गेला तेव्हा तू त्याच्याच घरी राहत होतीस. सक्करदऱ्याला त्यानं दोन खोल्या बांधल्या होत्या, मागं आंगण, आंगणात तुझा शेवगा. शेवग्याखाली बसून तू बिड्या वळायचीस आणि नात तुझ्या सुपातली पानं विस्कटायची. दोन दिवसांच्या तापात दादा गेला. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले, वहिनींचे वडील मात्र थांबले आणि घराच्या कागदांचं बोलू लागले. वाईट माणूस नव्हता, मुलगी विधवा झाली होती, त्याला घाई होती. तू मला आंगणात बोलावलंस. म्हणालीस, "जाय गा, कोर्टाकडे जाऊन ऐकून ये. मी इथं आता कोणाच्या नावानं रायतो, ते पुरं ऐकून ये."

मी एकोणतीस वर्षांचा, बिनलग्नाचा. लकडगंजात शेडच्या मागं एक भाड्याची खोली होती. संध्याकाळी शटर ओढून आत आलं की जो आवाज व्हायचा तो माझाच असायचा, भांड्याचा, चपलेचा, खोकल्याचा. मी कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिलो. तिथं वकिलांचे कारकून बसतात, सगळं त्यांच्याच तोंडी असतं. टपरीवर गर्दी होती. स्टोव्ह फरफरत होता, बाजूनं ट्रक जात होते. एका कारकुनाला मी विचारलं, मोठा भाऊ गेला, घर त्याच्या नावावर, बायको आहे, पोरगी आहे, म्हातारी आई आहे. तो बोलला. मी जे ऐकलं ते घेऊन परत आलो. तू सूप खाली ठेवलं होतंस. तसं तू कधी ठेवायची नाहीस.

मी म्हणालो, "बायको अन् पोरगी. मायचं काही नाही."

"पाहिलं का ऐकलं?"

"ऐकलं."

तू पुढचा सवाल केला नाहीस. पुरं का अर्धं, हे विचारलं नाहीस. शेवग्याकडे पाहिलंस, सूप उचललंस, आणि म्हणालीस, "मंग चाल." दोन लुगडी, तसबीर, कात्री. नात पायाला लागून रडत होती, तिला तू वहिनींच्या कडेवर दिलंस.

सहा वर्षं तू माझ्याजवळ राहिलीस. त्या सहा वर्षांत एक दिवस असा गेला नाही की शटर ओढलं आणि आतून आवाज आला नाही, "काय खबर आणली गा?" पुढे लग्न झालं, सून आली, तुझी नवी हजेरी सुरू झाली, तीही रोज बाजारातून एकेक गोष्ट आणायला शिकली. ती सहा वर्षं मी सुखात होतो, हे मला नाकारता येत नाही. पण दर रविवारी तू सक्करदऱ्याला जायचीस आणि कधीकधी मी सोडायला यायचो. तू चपला बाहेर काढायचीस. कडी वाजवायचीस, दार उघडं असलं तरी. वहिनी "या नं सासूबाई" म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभी राहायचीस. बाजेच्या कडेला बसायचीस, पुरी नाही. पाणी हवं असलं तरी स्वयंपाकघरात जायची नाहीस, मागायचीस. ज्या घराची चूल तू मांडली होतीस तिथं. एकदा शेवग्याच्या शेंगा वहिनींनी पिशवीत भरून दिल्या तेव्हा तू म्हणालीस, "इतक्या कशाले वं, दुसऱ्याच्या झाडाच्या." मी गाडी चालू करून ठेवली होती. मोटरीच्या आवाजातही मला ते ऐकू आलं.

वकीलबाईकडून आल्यावर आठ दिवस मी ते 'दुसऱ्याच्या झाडाच्या' ऐकत होतो. मग एक दिवस सकाळीच सक्करदऱ्याला गेलो. या वेळी गल्लीत गेलो. वहिनी आता साठीच्या झाल्या. घरावर मजला चढला आहे, नात लग्न होऊन वर्ध्याला आहे. वहिनी उन्हात मेथी निवडत बसल्या होत्या.

"अरे बाप्पा, भाऊजी. रस्ता चुकले का?"

"नाही वहिनी. एक सांगाचं होतं."

"सांगा नं. चहा मांडू का आधी सांगता?"

मी आधीच सांगितलं. म्हटलं, या घरात मायचा हिस्सा होता. कायद्यानं होता, तुमच्या बरोबरीचा. मी तिले चुकीचं सांगितलं अन् घेऊन गेलो. मला वाटलं होतं वहिनी बिचकतील, तीस वर्षांनी हा माणूस हिस्सा मागायला आला म्हणतील. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली, आत गेल्या, आणि कपड्यांच्या कपाटातून एक पिशवी घेऊन आल्या. पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर धरला. हक्कसोडपत्र. खाली तुझा अंगठा.

"हे कधी?"

"तुम्ही सासूबाईले घेऊन गेले, त्याच्यावर दोन महिन्यांनी. माह्या नावावर घर कराचं होतं तं हापिसात म्हणे, आईचा हिस्सा आहे, तिची सही लागन. माहे बाबा त्यायले रिक्षात घेऊन गेले, मी बी होती. तिथल्या माणसानं वाचून दाखवलं, 'माझा वारसाहक्क मी राजीखुशीनं सोडते.' सासूबाई म्हणे, पुन्हा वाच. त्यानं पुन्हा वाचलं. मंग म्हणे, म्हणजे आत्तापर्यंत होता? तो म्हणे, हो, होता. मंग त्यायनं अंगठा देला."

वहिनी मेथी पुन्हा निवडायला लागल्या, पण त्यांचं बोलणं थांबलं नाही.

"मी तिथंच रडली, भाऊजी. मी म्हटलं, सासूबाई, अंगठा राहू द्या अन् घरी चला. तं म्हणे, 'नाही वं. तुह्याजवळ पोरगी आहे. धाकट्याच्या घरी त्याले कोणी विचारणारं नाही.' मी म्हटलं, पण भाऊजींनी तं काही नाही म्हणून सांगितलं होतं, त्यायले अर्धवट ऐकू आलं असन. तं हसल्या. म्हणे, 'त्याचे कान माहे आहेत. अर्धं ऐकत नाहीत.' अन् मले शपथ घातली, त्याले हा कागद दाखवजो नोको म्हणून. तुम्ही स्वतः आले म्हणून दाखवला."

आंगणात आता शेवगा नाही, तिथं गाडी उभी असते. वहिनींनी चहा आणला. मी तो प्यायलो, मेथी घरी घेऊन जा म्हणाल्या, तीही घेतली. निघताना दारापर्यंत आल्या आणि सहज विचारलं, मनात काही नसताना, "मंग भाऊजी, तेव्हा तुम्हाले तसं कसं ऐकू आलं?"

मी म्हटलं, "टपरीवर गर्दी होती, वहिनी."

त्या "हाव, असन" म्हणाल्या.

आज शेडमध्ये कुणी नाही, मिस्त्रीलाही सुटी दिली. हे मी पत्र म्हणून लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवणारा दादाही तिकडेच आहे, म्हणून मनात आलं की तो आवाज काढून वाचेल आणि तू मध्येच थांबवशील. पण हे कुठं टाकायचं नाही, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे. तुला त्या हापिसात कळलं की खबर खोटी होती. ती मी मुद्दाम खोटी केली हेही तुला तिथंच कळलं असावं, नाहीतर तू हसली नसतीस. तरी तू रोज शटरचा आवाज झाला की विचारत राहिलीस, आणि मी आणलेलं सगळं खरं मानत राहिलीस. मी एकदाही तुझ्याजवळ बसून ते कबूल केलं नाही. वहिनींजवळही नाही, आणि या कागदावरसुद्धा वर मी वहिनींना सांगितलं तेच लिहून मोकळा झालो.

गर्दी नव्हती, माय. दुपारची वेळ, टपरीवर मी आणि तो कारकून, दोघंच होतो. तो म्हणाला, आईचा बरोबरीचा हिस्सा आहे. मी त्याच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं.